एकाच जबड्यात दोन वेगळे क्लास्प : खालच्या कास्ट पार्शलचे एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. दातांचे वर्णन आणि निर्णयांचा क्रम मूळचाच ठेवला आहे. कास्ट पार्शल म्हणजे ओतीव धातूच्या चौकटीवरची, काढता-घालता येणारी अर्धवट कवळी. क्लास्प म्हणजे उरलेल्या दाताला धरून ठेवणारा तिचा हात.

पार्श्वभूमी

मावशी ५८ वर्षांच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सुनेबरोबर पोळी-भाजी केंद्र चालवतात. मधुमेह गोळ्यांवर आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ७.४. लग्न झाल्यापासून मिश्री लावायची सवय. हल्ली दिवसातून एकदाच लावते, असे त्या म्हणाल्या तेव्हा शेजारी बसलेल्या सुनेने मान फिरवून हसू दाबले.

खालच्या जबड्यात नऊ दात उरले होते : डावीकडे पहिल्या उपदाढेपर्यंत (दाताचा क्रमांक ३४) आणि उजवीकडे दुसऱ्या उपदाढेपर्यंत (४५). त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना नुसती हिरडी. दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांच्या १९२५ सालच्या वर्गवारीत हा पहिला वर्ग, म्हणजे दोन्हीकडे मागची टोके मोकळी. वरच्या जबड्यात मात्र जवळजवळ सगळे दात स्वतःचे, फक्त डावीकडे एका दाढेच्या जागी ब्रिज. समोर पूर्ण कवळी असती तर चावण्याचा जोर बराच कमी असता. इथे खालच्या कृत्रिम दातांवर नैसर्गिक दातांचा पुरा मारा होणार होता, आणि रोजचे जेवण ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी.

चार वर्षांपूर्वी त्यांनी दुसरीकडे नायलॉनची फ्लेक्सिबल कवळी करून घेतली होती. मुलाचा आग्रह होता, कारण तिच्यात तार दिसत नाही. सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग डावीकडची हिरडी दुखू लागली, कवळीखाली अन्न अडकू लागले, आणि शेवटी ती डब्यात गेली.

ती डब्यातली कवळी आम्ही मागवून तोंडात बसवून पाहिली, आणि तिने बरेच सांगितले. तिला रेस्ट नव्हते, म्हणजे दातावर टेकून भार घेणारा एकही धातूचा पाय नव्हता. सगळा भार हिरडीवर. हिरडीखालचे हाड झिजत गेले तशी कवळी खाली बसत गेली, आणि उपदाढांना कवटाळणारे गुलाबी नायलॉन दाताच्या मानेवरून घसरून हिरडीच्या कडेवर दाबू लागले. ३४च्या जिभेकडच्या बाजूला हिरडी सुमारे २ मिमी खाली सरकली होती. तिथे दात आणि हिरडी यांच्यामध्ये ४ मिमीचा पॉकेट, म्हणजे खोल फट, होता आणि दात किंचित हलत होता. नायलॉनला नेहमीचे अ‍ॅक्रिलिक नीट चिकटत नाही, त्यामुळे अशी कवळी आतून भरून घेणेही सोपे नसते.

अडचण

मावशींची मागणी एका वाक्याची होती. "तार दिसली तर दिसंना का डॉक्टर, भाकरी चावाया पायजे." मुलाची मागणी बरोबर उलटी. कुणाची कवळी कुणाला घालायची आहे, हे त्याच्याशी बोलून घ्यावे लागले. तो शहाणा होता, समजला.

खरी अडचण मात्र मोकळ्या टोकांची होती. दात हाडात घट्ट बसलेला असतो. दाबला तर मिलिमीटरच्या लहानशा अंशाने हलतो. हिरडीचे मऊ आवरण त्याच्या कितीतरी पट दबते. कवळीचे पुढचे टोक दातावर आणि मागचे हिरडीवर असेल, तर प्रत्येक घासाला मागची बाजू खाली जाते आणि कवळी रेस्टभोवती फिरते. शेवटच्या दाताला धरणारा क्लास्प या फिरण्यात कोणत्या दिशेला जातो, यावर तो दात पाच वर्षे टिकणार की पंधरा, हे बरेचसे ठरते.

नेहमीची रचना घेऊ. रेस्ट दाताच्या मागच्या कडेवर, क्लास्पचा हात मागून निघून पुढे जातो आणि त्याचे टोक गालाकडच्या पुढच्या भागातल्या अंडरकटमध्ये, म्हणजे दाताच्या फुगवट्याखालच्या आत वळलेल्या जागेत, बसते. भाकरीचा तुकडा दाढेखाली आला की मागची बाजू खाली जाते आणि रेस्टच्या पुढे असलेले टोक वर उचलले जाते. वर फुगवटा. टोक त्याच्यात अडकते आणि दात मागे ओढला जातो. पहार लावून दगड उचकटावा तसेच हे काम, फक्त दिवसातून शेकडो वेळा. आधीच हलणाऱ्या ३४ला हे सोसणारे नव्हते.

सर्व्हेयरवर काय दिसले

क्लास्पचा विचार इथे सुरू झाला, तोंडात डोकावताना नाही. अभ्यासासाठी घेतलेले मॉडेल सर्व्हेयरच्या, म्हणजे दातांचे फुगवटे आणि अंडरकट मोजायच्या उपकरणाच्या, टेबलावर ठेवून, दाताच्या सर्वांत फुगीर भागावरून शिसाची रेघ (सर्व्हे लाइन) फिरवून, अंडरकट गेजने मोजमाप केले. आपल्याकडे पुष्कळ दवाखान्यांत हे काम लॅबवर सोडले जाते. मॉडेल पाठवायचे, सोबत "सीपीडी लोअर" (खालची कास्ट पार्शल डेंचर) अशी चिठ्ठी, आणि लॅबमधला कारागीर त्याला जमेल ते ठरवतो. त्याने रुग्णाचे तोंड पाहिलेले नसते. गालाचा पडदा, म्हणजे गाल आणि हिरडी जोडणारी घडी, कुठे जोडला आहे, दात हलतो की नाही, हिरडी कशी आहे, यातले काहीच प्लास्टरवर पुरेसे उमटत नाही.

४५चा गालाकडचा भाग सुबक होता. मधोमध, फुगवट्याच्या खाली ०.२५ मिमी अंडरकट मिळत होता. गाल आणि हिरडीमधली खाच पुरेशी खोल होती. पण याच दाताच्या मानेशी मिश्रीच्या घासण्याने पाचरीसारखी झीज झाली होती, सुमारे दीड मिमी खोल. गेजची चकती त्या झिजेत शिरली की ०.७५चे माप सहज भरते आणि भरपूर अंडरकट मिळाल्याचा भास होतो. तो अंडरकट नव्हे, तो खड्डा आहे. तिथे टोक गेले तर ते झिजेच्या कडेला अडकून दाताला खरवडत राहील. म्हणून मानेची झीज आधी भरून घ्यायची आणि क्लास्पचे टोक तिच्या वर, इनॅमलवर ठेवायचे, हे इथेच ठरले.

३४ची गोष्ट वेगळी. फुगवट्याखाली पुढच्या बाजूला, सुळ्याकडे, ०.५ मिमी अंडरकट होता. मधोमध आणि मागे जवळजवळ काही नाही. खालच्या उपदाढा जिभेकडे कललेल्या असतात, त्यामुळे गालाकडे अंडरकट कमी मिळणे नवे नाही. शिवाय गालाचा पडदा नेमका या दाताच्या समोर उंचावर जोडलेला होता. गाल ओढून पाहिले तेव्हा हिरडीच्या कडेपासून पडद्यापर्यंत जेमतेम ३ मिमी जागा उरत होती.

एक मोह इथे टाळावा लागतो. सर्व्हेयरचे टेबल तिरपे केले की हवा तिथे अंडरकट "मिळतो". कागदावर छान दिसते. पण भाकरीचा चिकट घास कवळीला वर ओढतो तेव्हा तो टेबलाच्या कोनाकडे पाहत नाही. तो चावण्याच्या पृष्ठभागापासून सरळ वर ओढतो. त्या दिशेने अंडरकट नसेल तर पकड नाही. मॉडेल चावण्याच्या पातळीला जवळजवळ आडवे ठेवूनच मोजमाप कायम केले.

पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करणे. हा पर्याय चेष्टेने मांडलेला नाही. नेदरलँड्समधल्या नायमेगन इथे कायसर यांनी १९८१ मध्ये दाखवले की मागच्या दाढा नसल्या तरी उपदाढांच्या पुरेशा जोड्या समोरासमोर असतील तर अनेकांचे चावणे चालते. मात्र त्यासाठी साधारण चार जोड्या लागतात, त्याही दोन्हीकडे सारख्या असाव्यात. मावशींकडे तीन होत्या, दोन उजवीकडे, एक डावीकडे, आणि ती एक हलणारी. त्यांनी स्वतःच सांगितले की भाकरी त्या डाळीत कुस्करून खातात आणि कंटाळल्या आहेत.

इम्प्लांटची चर्चा झाली. मागच्या भागात दोन इम्प्लांट घालून त्यांच्या आधाराने कवळी केली असती तर मोकळ्या टोकाचा प्रश्नच बदलला असता. मधुमेह काबूत होता, तो अडसर नव्हता. पण डावीकडे खालच्या नसेच्या वर हाडाची उंची कमी होती, हाड वाढवणारी शस्त्रक्रिया लागली असती, आणि खर्च ऐकून मुलगा गप्प झाला. मावशी म्हणाल्या, "एवढ्यात म्हस येते." तो विषय तिथे संपला.

अ‍ॅक्रिलिकची साधी कवळी, तारेच्या क्लास्पसह : स्वस्त, दुरुस्तीला सोपी, पण बहुतेक वेळा तिच्यातही रेस्ट नसतात आणि ती नायलॉनच्या वाटेनेच जाते. दातांच्या रंगाचे अ‍ॅसिटल क्लास्प मुलाने मोबाईलवर शोधून आणले होते. अ‍ॅसिटल धातूपेक्षा खूप मऊ, म्हणून तीच पकड मिळवायला हात जाड करावा लागतो. हिरडी उतरलेल्या दाताभोवती जाड हात म्हणजे मिश्री आणि अन्न साठवायला कोनाडा. नको म्हटले.

राहिली कोबाल्ट-क्रोमियमची कास्ट पार्शल. चौकट तीच, आता प्रश्न फक्त शेवटच्या दोन दातांना काय धरणार याचा.

दोन्हीकडे नेहमीचा ओतीव एकर्स क्लास्प, म्हणजे दाताला वळसा घालणारा हात, मागे रेस्ट. लॅबला सर्वांत परिचित. वर सांगितलेल्या पहारीमुळे तो नाकारला. त्यात आणखी एक दोष आहे, जो उपदाढांवर हमखास नडतो. कोबाल्ट-क्रोमियम फार ताठ धातू आहे, सोन्याच्या कडक मिश्रधातूच्या साधारण दुप्पट. त्याचा हात ०.२५ मिमी अंडरकटमध्ये सुखाने ये-जा करायला सुमारे १५ मिमी लांब हवा. दाढेला वळसा घालताना ही लांबी मिळते, उपदाढेला मिळत नाही. आणि लांबीचा परिणाम साधा नाही : जाडी तीच ठेवून हात दुप्पट लांब केला तर त्याच जोराने तो आठपट वाकतो. उलट, आखूड झाला की त्याच प्रमाणात ताठरतो. आखूड ओतीव हात दाताला दरवेळी धक्का देतो, नाहीतर स्वतः कायमचा वाकतो.

दोन्हीकडे आरपीआय. १९६३ मध्ये क्रॅटोकव्हिल यांनी मांडलेल्या आय-बारच्या कल्पनेत क्रोल यांनी १९७३ मध्ये फेरफार केले, ती ही रचना. नाव रेस्ट, प्लेट आणि आय-बार यांच्या आद्याक्षरांवरून. रेस्ट दाताच्या पुढच्या कडेवर, मागे लहान प्लेट, आणि हिरडीखालून वर येणारा सरळ बार, ज्याचे टोक गालाकडच्या मध्यावर टेकते. भार आला की पुढचा रेस्ट खुंटा ठरतो, आणि त्याच्या मागे असलेली प्लेट व बार दोन्ही खाली सरकून दाताला सोडतात. भार गेला की परत जागेवर. मोकळ्या टोकासाठी यापेक्षा नेटके उत्तर सुचणे कठीण. पण बार हिरडीच्या कडेला काटकोनात ओलांडतो आणि त्याचा आडवा भाग कडेपासून निदान ३-४ मिमी दूर असावा लागतो. ४५ला ती जागा होती. ३४ला पडद्याने ती अडवली होती.

आरपीए, एलियासन यांनी १९८३ मध्ये सुचवलेला. आय-बारच्या जागी एकर्सचा हात, पण त्याचा ताठ भाग सर्व्हे लाइनला फक्त वरच्या कडेने स्पर्श करतो आणि टोकच तेवढे अंडरकटमध्ये. कल्पना चांगली, कारागिरी अवघड. ताठ भाग केसभर वर गेला तरी भाराखाली तो फुगवट्यावर बसून दात ढकलतो. हलणाऱ्या दातावर ती जोखीम घ्यायची का, यावर बराच वेळ गेला.

शेवटचा पर्याय, ओढलेल्या तारेचा हात. गोल तार सगळ्या दिशांना वाकते, ओतीव हात मुख्यतः एकाच. ती ०.५ मिमी अंडरकटमध्ये चालते, आणि ३४च्या पुढच्या बाजूला नेमका तेवढा अंडरकट होता. ढिली पडली तर पक्कडीने आवळता येते. ओतीव हात आवळायला जावे तर तो तुटण्याची भीती.

निर्णय

उजवीकडे ४५ला आरपीआय. डावीकडे ३४ला पुढे रेस्ट, मागे प्लेट, जिभेकडे ओतीव हात आणि गालाकडे ०.९ मिमी स्टेनलेस स्टीलची तार, टोक सुळ्याकडच्या अंडरकटमध्ये.

एकाच कवळीत दोन तऱ्हेचे क्लास्प ठेवायला काही सहकाऱ्यांना संकोच वाटतो. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात असा एक अलिखित आग्रह असतो. तोंडाच्या दोन बाजू सारख्या नसतील तर तो आग्रह धरण्यात अर्थ नाही. एवढे पाहिले की दोन्हीकडे रेस्ट पुढच्याच कडेवर असावेत, म्हणजे कवळी एका रेषेभोवती फिरेल आणि दोन्ही टोके भाराखाली दाताला सोडायलाच बघतील.

३४च्या तारेबाबत एक बारकावा. रेस्ट पुढे असल्याने तारेचे टोक खुंट्याच्या जवळ येते, ते फारसे हलत नाही. पण तारेचा मागचा भाग फुगवट्याच्या वरून येतो, आणि भाराखाली तो फुगवट्यावर टेकून खाली जायला बघतो. तिथे ओतीव हात असता तर दात ढकलला गेला असता. तार असल्याने तीच वाकते. रेस्ट पुढे नेला म्हणून ओतीव एकर्सही चालेल, असे समजणारे इथेच फसतात.

स्टीलमध्ये निकेल असते, म्हणून खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात का ते विचारून घेतले. तसा त्रास कधी नव्हता.

कवळी मागून उचलली जाऊ नये म्हणून पुढे एक आधार हवा होता. दोन रेस्ट जोडणारी रेषा तिरकी, उजवीकडे मागे आणि डावीकडे पुढे. तिच्यापासून सर्वांत दूरचा सोयीचा दात उजवा सुळा. खालच्या सुळ्याच्या जिभेकडे इनॅमल पातळ असते, तिथे खाच कोरण्याऐवजी कंपोझिटची छोटी पायरी चिकटवायचे ठरले. जिभेखालची खोली पुढे ९ मिमी भरली, त्यामुळे दोन्ही बाजू जोडायला साधी लिंग्वल बार, म्हणजे जिभेकडून जाणारी धातूची पट्टी, पुरेशी होती. प्लेट लावून उतरलेली हिरडी झाकायची गरज पडली नाही.

काम

हिरड्यांची स्वच्छता आणि मिश्रीचे बोलणे आधी झाले. मिश्री पूर्ण सुटली असा दावा नाही. मानेवरची झीज रेझिन मिसळलेल्या ग्लास आयोनोमरने भरली. मग दातांची तयारी : मागच्या बाजूंना २-३ मिमी उंचीचे सपाट भाग, आणि रेस्टसाठी चमच्यासारखे खळगे. ३४चा खळगा चिवट निघाला. खालच्या पहिल्या उपदाढेचा जिभेकडचा उंचवटा ठेंगणा असतो आणि पुढची कड जिभेकडे उतरती. रेस्ट त्या उतारावर ठेवला तर तो दाताला ढकलत राहतो. त्यामुळे खळग्याचा तळ आतल्या बाजूला किंचित खोल घेतला. वरचा दात तिथे आपटणार नाही एवढी, सुमारे दीड मिमी, जागा मेणाची पट्टी चावायला लावून तपासली.

लॅबला पाठवलेल्या मॉडेलवर सर्व्हे लाइन, क्लास्पची टोके आणि बारचा मार्ग रंगीत पेन्सिलीने काढून दिले, सोबत लेखी सूचना. तरीही आलेल्या चौकटीत ३४ला गालाकडे ओतीव हात होता. तार जोडणे हे आणखी एक काम, आणि रोजच्या सवयीने हात ओतला गेला होता. अशा वेळी तीन वाटा असतात. ओतीव हात चालवून घ्यायचा. चौकट पुन्हा करून मागायची. किंवा हात कापून तार नंतर अ‍ॅक्रिलिकमध्ये बसवायची.

चालवून घेणे सर्वांत सोपे होते, आणि बसवताना मावशींना काहीच जाणवले नसते. आखूड ओतीव हात पहिल्या दिवशी छानच पकडतो. चौकट बाकी सगळीकडे नीट बसत होती : रेस्ट खळग्यात पूर्ण, आय-बार हिरडीला न टोचता, सुळ्यावरची पायरी चपखल. म्हणून ती परत करण्यात अर्थ नव्हता. गालाकडचा हात प्लेटपाशी कापून कड गुळगुळीत केली आणि तार कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये गाडायचे ठरवले. यात एक फायदाही निघाला : सोल्डर करताना तारेला जी आच लागते, तिने तार नरम पडण्याची भीती असते. अ‍ॅक्रिलिकमध्ये ती टळते.

हिरडीचे माप चौकटीवरच ट्रे बांधून पुन्हा घेतले आणि मॉडेलचा मागचा भाग बदलून घेतला. माप घेताना बोटे फक्त रेस्टवर ठेवायची, मागच्या ट्रेवर दाब द्यायचा नाही. कवळीचा तळ मागे शेवटच्या मऊ उंचवट्यापर्यंत आणि गालाकडच्या सपाट हाडापर्यंत पसरवला. दात मात्र अरुंद घेतले आणि मागचा एकेक दात गाळला. क्लास्प कितीही चांगला असला तरी मागच्या टोकावरचा भार मुळात कमी करणे त्याहून चांगले.

निष्पत्ती

पहिल्या आठवड्यात डावीकडे जिभेखालच्या हाडाच्या कंगोऱ्यावर दुखले, तिथे घासून मोकळे केले. महिन्याभराने मावशी आल्या तेव्हा भाकरी कुस्करणे बंद झाले होते. शेंगदाण्याचे कण आय-बारजवळ अडकतात, ही एक तक्रार. त्यावर उपाय जेवल्यावर कवळी काढून धुणे, एवढाच. ती सवय त्यांनी लावून घेतली.

सहा महिन्यांनी डावी बाजू ढिली झाली. तार गालाकडे वाकली होती. विचारले तेव्हा कळले की कवळी काढताना त्या नख तारेत अडकवतात.

"मावशी, तार धरून उचलायची नाही. गुलाबी भागाच्या कडेखाली बोट घालायचं."

"बोटं वळत न्हाईत ओ डॉक्टर. तारेला तेवढं नख बसतंय."

सकाळभर पोळ्या लाटून त्यांची बोटांची पेरे सुजलेली होती. सांगून सुटणारा प्रश्न नव्हता. तार पक्कडीने आवळली आणि दोन्हीकडे अ‍ॅक्रिलिकच्या गालाकडच्या कडेवर बोटाचे टोक रुतेल अशी आडवी खोबण कोरून दिली. नंतर तार पुन्हा वाकली नाही.

वर्षाच्या तपासणीत ३४चा पॉकेट ३ मिमीवर आला होता आणि दात आधीपेक्षा जास्त हलत नव्हता. हलणे कमी झाले, असे म्हणवत नाही. ४५वर आय-बारच्या टोकाखाली इनॅमलवर चकाकी आली होती, झीज नव्हती. त्याच्या खालच्या भरण्याची कड शाबूत होती. मात्र मागच्या बाजूला दोन बोटांनी दाब दिल्यावर सुळ्यावरचा पाय पायरीवरून स्पष्टपणे उचलला जात होता, म्हणजे हिरडी खाली बसली होती. कवळी आतून भरून घेतली. हे काम वर्ष-दोन वर्षांनी करावे लागेल, याची कल्पना सुरुवातीलाच दिलेली होती. असे आतून भरताना (रिलाइनिंग) तोंड मिटवून माप घेऊ नये, रेस्ट जागेवर दाबून धरावे. नाहीतर चौकट जागेवरून उचलली जाऊन सगळी रचना बिघडते.

काय वेगळे करता आले असते

३४ला क्राउन करून त्यातच पुढचा खळगा, मागचा सपाट भाग आणि गालाकडचा अंडरकट घडवता आला असता, शेजारच्या सुळ्याशी जोडूनही. ठेंगण्या उंचवट्याचा त्रास आणि अंडरकटची कमतरता दोन्ही सुटले असते. खर्च वाढला असता, आणि दोन धड दात घासावे लागले असते. हलणारा दात जोडल्याने वाचतो की शेजाऱ्याला सोबत घेऊन जातो, यावर आमच्यात एकमत नव्हते. आजही नाही.

पडद्याची छोटी शस्त्रक्रिया करून डावीकडेही आय-बार बसवता आला असता का? पडदा सुटला असता, पण ३४च्या मधोमध अंडरकट नव्हताच. बारसाठी जागा करून टोक टेकवायला काही न मिळणे, असे झाले असते. कंपोझिट लावून अंडरकट तयार करता येतो, आणि दुसऱ्या कुणी तो मार्ग घेतला तर चूक म्हणता येणार नाही.

बोटांची तपासणी मात्र पहिल्या भेटीत व्हायला हवी. दातांच्या फॉर्ममध्ये मधुमेह, रक्तदाब, अ‍ॅलर्जी सगळे असते. कवळी कोणत्या हाताने काढणार, नखात ताकद आहे का, हे नसते. खालच्या कवळीत पकड किती ठेवायची, खोबण कुठे द्यायची, हे त्यावर ठरते. आता आमच्या फॉर्मवर तो रकाना आहे. रुग्णाला डब्याचे घट्ट झाकण उघडायला देऊन पाहणे पुरते.

लॅबबरोबर आता मेणाच्या टप्प्यावरच मोबाईलवर फोटो मागवले जातात. ओतीव काम झाल्यावर चूक सापडणे महाग पडते, मेणावर ती पाच मिनिटांत सुटते.

३४ शेवटी गेलाच, तर काय? रचना ठरवताना हा प्रश्न समोर होता, आणि तार अ‍ॅक्रिलिकमध्ये गाडल्याने त्याचे उत्तर सोपे झाले. दात काढल्यावर ती तार कापून टाकायची, डावीकडच्या अ‍ॅक्रिलिकला एक कृत्रिम दात जोडायचा आणि नवी तार सुळ्याला वळवायची. रेस्टचा आधार त्या वेळी सुळ्यावर न्यावा लागेल, आणि त्यासाठी त्याच्या जिभेकडे उजव्यासारखीच कंपोझिटची पायरी बांधावी लागेल. चौकट तीच राहील. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे.